बरगडी काढल्यानंतरचा हात

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला सगळ्यात जड जातो तो तिसरा-चौथा आठवडा. टाके निघालेले असतात, जखम कोरडी पडलेली असते, भेटायला येणारे "आता काय, बरे झालात" असं म्हणून गेलेले असतात. आणि एका सकाळी हात खरोखरच हलका वाटतो. कित्येक महिने अडून राहिलेली कामं डोळ्यांसमोर असतातच. दिवसभर हात चालतो. रात्री मानेपासून करंगळीपर्यंत कळ उठते, बोटांना मुंग्या येतात आणि मनात पहिला विचार येतो तो ऑपरेशन फुकट गेल्याचा.

बहुतेक वेळा ते फुकट गेलेलं नसतं. अशा रुग्णांचे व्यायाम घेताना मी त्यांना पहिल्या दिवशीच सांगते, की दुखणाऱ्या दिवशी हात थोडा तरी हलवत राहायचा आणि चांगल्या दिवशी तो आवरता घ्यायचा. पहिली गोष्ट सगळ्यांना पटते. दुसरी फार थोड्यांना जमते, आणि बरं होण्याचा वेग बराचसा तिच्यावरच ठरतो.

आधी आत काय झालंय ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढची पथ्यं जाचक वाटणार नाहीत. मानेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं आणि हाताची मोठी रोहिणी मानेच्या बाजूच्या दोन स्केलीन स्नायूंच्या मधून येतात आणि गळ्याचं हाड व पहिली बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पुढे जातात. हाताची मोठी नीला स्नायूंच्या पुढून येते, पण हाड आणि बरगडीच्या चिमट्यात तीही सापडते. काहींना जन्मतःच मानेजवळ एक जादा बरगडी असते, काहींचे स्नायू अपघातानंतर किंवा वर्षानुवर्षांच्या एकाच प्रकारच्या कामाने ताठ झालेले असतात. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांमध्ये दाब मज्जातंतूंवर असतो. नीला दबल्याने तिच्यात गुठळी झालेले रुग्ण थोडे, रोहिणी दबलेले त्याहून थोडे. शस्त्रक्रियेत साधारणपणे पहिली बरगडी काढतात, स्केलीन स्नायू सोडवतात किंवा कापून काढतात, आणि मज्जातंतूंभोवतीचे चिकटलेले पापुद्रे मोकळे करतात. काखेतून ही बरगडी काढण्याची पद्धत डेव्हिड रूस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने 1966 मध्ये मांडली. आज गळ्याच्या हाडाच्या वरून किंवा खालून छेद घेऊन, किंवा दुर्बिणीनेही ती काढतात. तुमचा छेद कुठे आहे, काय काढलं आणि काय सोडवलं हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं. ते कार्ड जपून ठेवा आणि फिजिओथेरपीला जाताना बरोबर न्या. त्याशिवाय व्यायाम ठरवणं म्हणजे अंदाजाने चालणं.

"बरगडी काढली, मग छातीला आधार कशाचा?" असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. ही बरगडी गळ्याच्या हाडामागे खोलवर असते. ती नसल्याने छाती खचत नाही, खांदा पडत नाही, बाहेरून कुणाला कळतही नाही.

रुग्णालयात बहुतेकांना दोन-चार दिवस राहावं लागतं. फुप्फुसाचं आवरण अगदी शेजारी असल्याने छातीचा एक्स-रे काढतात, आणि गरजेप्रमाणे एक नळी ठेवतात. या दिवसांत श्वासाकडे लक्ष द्या. जे स्केलीन स्नायू कापले किंवा सोडवले ते श्वास घ्यायला मदत करणारे स्नायू होते. दुखतं म्हणून माणूस वरवर, खांदे उचलून श्वास घेऊ लागतो आणि उरलेसुरले मानेचे स्नायू आणखी ताठ होतात. एक हात पोटावर ठेवून, पोट फुगेल असा संथ श्वास घ्या, तासातासाला काही वेळ. तीन चेंडूंचं ते प्लॅस्टिकचं उपकरण दिलं असेल तर लक्षात ठेवा: त्यात फुंकायचं नसतं, तोंडाने हवा आत ओढून चेंडू वर धरायचे असतात. उलटं करणारे रुग्ण मला दर काही दिवसांनी दिसतात, आणि त्यांना ते कुणी दाखवलेलंच नसतं.

घरी आल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस झोपेचे हाल होतात. पाठीवर झोपा, पाठीमागे उशा लावून थोडं उंच, आणि ऑपरेशनच्या बाजूच्या कोपराखाली एक पातळ उशी द्या, म्हणजे हाताचं ओझं मानेला लोंबकळत नाही. त्या कुशीवर झोपू नका. हात डोक्याखाली घेऊन झोपायची सवय असेल तर ती आता कायमचीच सोडा, कारण त्याच अवस्थेत ती जागा सर्वांत अरुंद होते. झोळी दिली असेल तर ती गर्दीत किंवा प्रवासात वापरा. घरात दिवसभर हात झोळीत ठेवला तर खांदा आखडतो, आणि आखडलेला खांदा सोडवणं हे मूळ दुखण्याइतकंच चिवट काम होऊन बसतं.

छेद काखेत असेल तर दंडाच्या आतल्या बाजूला, आणि गळ्याच्या हाडाजवळ असेल तर हाडाखाली छातीवर, कातडीला बधिरपणा येतो. तिथल्या बारीक संवेदनातंतूंना धक्का बसलेला असतो. हळूहळू तो पट्टा लहान होतो, काहींना थोडासा कायम राहतो. त्याने काम अडत नाही, पण दोन धोके आहेत. रबरी पिशवीने शेक घेताना भाजलं तरी कळत नाही. म्हणून शेक घ्यायचाच तर डॉक्टरांना विचारून, आणि पिशवी आधी चांगल्या हाताला लावून पाहून. काखेत रेझर चालवताना कापलं तरी कळत नाही. काही महिने तो टाळाच.

आणखी एक गोष्ट फार कळकळीने सांगते. केस कापून झाल्यावर सलूनमध्ये मान कडकन मोडून देतात, ती करून घेऊ नका. मालिशवाला, हाड बसवणारा, "एक झटका दिला की मोकळं होईल" म्हणणारा कुणीही असो, त्याचा हात त्या मानेला लागू देऊ नका. तिथे नुकतेच मोकळे केलेले मज्जातंतू आहेत. व्रणावर मालिश करायची असते, पण जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, आणि स्वतःच्या बोटांनी, थोडं खोबरेल तेल घेऊन, कातडी खालच्या थरावर सैल सरकेल एवढ्याच जोराने.

औषधांबद्दल थोडक्यात. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी गॅबापेंटिन किंवा प्रीगाबालिन दिलं असेल तर ते बरं वाटलं म्हणून एकदम बंद करू नका. ते टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्याने झोप येते, तोल जातो, म्हणून रात्री उठताना दिवा लावा. तीव्र वेदनाशामकांनी बद्धकोष्ठ होतो. कुंथण्याने छातीवर ताण येतो, तेव्हा पाणी, पालेभाज्या, आणि गरज पडली तर डॉक्टरांकडून सौम्य रेचक.

व्यायामाचा क्रम तुमचे शल्यचिकित्सक आणि फिजिओथेरपिस्ट ठरवतील. प्रत्येकाची शस्त्रक्रिया वेगळी असते. पण त्यामागचं तत्त्व तुम्हालाही कळायला हवं. मोकळे केलेले मज्जातंतू बरे होताना त्यांच्याभोवती व्रणाची जाळी तयार होते. ती होणारच. हात स्थिर राहिला तर मज्जातंतू तिच्यात चिकटून बसतो, आणि दुखणं परत येण्याचं हे एक मोठं कारण आहे. लेंग्याची नाडी नेफ्यात अलगद इकडून तिकडे सरकते, तसा मज्जातंतू त्याच्या वाटेत सरकत राहायला हवा. त्यासाठी मान सावकाश डावी-उजवीकडे वळवणं, भिंतीवर बोटं चालवत हात हळूहळू वर नेणं, कोपर आणि मनगट विशिष्ट क्रमाने उघडणं-मिटणं असे हलके प्रकार पहिल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत सुरू होतात. यात सरकवायचं असतं, ताणायचं नसतं. "दुखलं म्हणजे फायदा होतोय" हा जिममधला समज इथे उपयोगाचा नाही. ताणलेला मज्जातंतू चिडतो आणि दोन-दोन दिवस शांत होत नाही.

किती करायचं हे कसं ठरवायचं? माझा साधा निकष असा: व्यायामाने मुंग्या किंवा ठणका वाढला आणि अर्ध्या-पाऊण तासात बसला तर प्रमाण ठीक आहे. रात्रभर टिकला, दुसऱ्या दिवशी सकाळीही हात जड वाटला, तर पुढच्या वेळी निम्मं करा. बंद करू नका, निम्मं करा. एका वहीत रोज दोन ओळी लिहा: आज काय केलं आणि रात्री हात कसा होता. रोजच्या दुखण्यात माणसाला महिन्याभरापूर्वीचं दुखणं आठवत नाही. वही ते आठवून देते. रबरी पट्टे, डंबेल, पुशअप यांची वेळ साधारण दीड-दोन महिन्यांनंतर येते, आणि तेव्हाही सुरुवात खांद्याच्या पात्याला धरून ठेवणाऱ्या पाठीच्या स्नायूंपासून होते. दंड फुगवणारे व्यायाम सगळ्यांत शेवटी.

आता वेळेचा हिशेब. मज्जातंतू नुसता दबलेला असेल तर दाब निघाल्यावर काहींना शुद्धीवर येतानाच बोटं मोकळी वाटतात, काहींना काही आठवडे-महिने लागतात. पण आतले धागेच मेलेले असतील तर ते पुन्हा वाढतात रोज सुमारे 1 मिलिमीटर या वेगाने. मानेपासून हाताच्या तळव्यापर्यंतचं अंतर 70 सेंटिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे दोन वर्षांची वाट झाली. म्हणून ज्यांचा अंगठ्याखालचा उंचवटा शस्त्रक्रियेआधीच सुकलेला होता, त्यांचा ठणका थांबतो, मुंग्या कमी होतात, पण तो स्नायू पूर्वीसारखा भरून येईलच असं नाही. हे आधी कळलेलं बरं. ऑपरेशन कशासाठी होतं, दुखणं थांबवायला की गेलेली ताकद परत आणायला, हे शल्यचिकित्सकांना स्पष्ट विचारा. उत्तर मिळालं की पुढची निराशा निम्म्याने कमी होते.

घरकामाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण रुग्णाला दिलेल्या कागदावर "जड वस्तू उचलू नका" एवढंच असतं आणि घरातली बाई विचारते, "पण मी जड काय उचलते?" पाण्याने भरलेला पाच लिटरचा कुकर जड आहे. ओली चादर जड आहे. आणि वजनापेक्षाही वाईट आहे ती हात खांद्याच्या वर नेऊन केलेली ताकदीची हालचाल. घरात अशी सर्वांत वाईट कामं म्हणजे छताजवळच्या दोरीवर ओले कपडे वाळत घालणं, माळ्यावरचे डबे काढणं आणि पंखा पुसणं. ही तीन कामं तीन महिने दुसऱ्या कुणीतरी करायची, यावर घरात आधीच बोलून ठेवा. कपडे पिळणं आणि कणीक तिंबणं त्याच्या खालोखाल. पोळ्या लाटताना खांद्यातून जोर जातो. सुरू कराल तेव्हा दोन-चार पोळ्यांपासून करा, आणि ओटा उंच वाटत असेल तर पायाखाली पाट घ्या, म्हणजे खांदे न उचलता कोपरातून जोर लावता येतो. रोज लागणारे डबे कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. लहान मूल असेल तर त्याला उभ्याने उचलू नका. तुम्ही बसा, त्याला मांडीवर चढू द्या.

छेद लहान असतो, पदराखाली किंवा काखेत झाकला जातो, प्लास्टर नाही, कुबडी नाही. त्यामुळे घरच्यांना हा माणूस बरा झालेला दिसतो. अनेक बायका "सगळे समोर बसलेत आणि मी कशी सांगू" म्हणून पहिल्याच महिन्यात पूर्ण स्वयंपाकाला लागतात. त्यांच्या नवऱ्यांना, मुलांना, सासूबाईंना मी फिजिओथेरपीच्या एखाद्या वेळेला मुद्दाम बोलावून घेते. डॉक्टरांच्या तोंडून एकदा ऐकलं की घर हलतं. हा लेख वाचणारे तुम्ही रुग्णाचे नातेवाईक असाल, तर ती विचारायची वाट पाहू नका; कपड्यांची बादली उचला.

गाडीबद्दल. गुंगीची औषधं चालू असेपर्यंत वाहन चालवायचंच नाही. नंतरची कसोटी अशी, की मान दोन्ही बाजूंना पूर्ण वळते का आणि अचानक स्टिअरिंग फिरवावं लागलं तर हात साथ देईल का. बहुतेकांना चारचाकीसाठी काही आठवडे लागतात. दुचाकीला त्याहून जास्त, कारण खड्ड्यांचे धक्के हँडलमधून थेट खांद्यात जातात. मागे बसतानाही ते चुकत नाहीत. कारमध्ये सीटबेल्टचा पट्टा नेमका गळ्याच्या हाडावर येतो. आपल्याकडच्या गाड्यांत डाव्या बाजूला बसलं की तो डाव्या खांद्यावरून येतो आणि उजव्या बाजूला बसलं की उजव्या. म्हणजे उजव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर डावीकडे बसा, डाव्या बाजूचं असेल तर चालकाच्या मागे. बेल्ट मात्र काढू नका. विमानप्रवास फुप्फुसाचा एक्स-रे ठीक असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच.

मुंबईकरांना लोकलचा प्रश्न असतो. वरची कडी धरून उभं राहणं म्हणजे हात वर आणि त्यावर धक्के, अगदी नको असलेली अवस्था. शक्य असेल तर पहिले दोन-तीन महिने गर्दीची वेळ टाळून कामाची वेळ मागून घ्या, वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून. कार्यालयात टेबलावर बसून करायचं काम साधारण तीन ते सहा आठवड्यांत अर्धवेळ सुरू करता येतं. कोपर टेकेल अशी खुर्ची, डोळ्यांसमोर येईल असा पडदा, अर्ध्या-अर्ध्या तासाने उठणं. फोन कान आणि खांद्यात दाबून बोलणं बंद. पाठीवरची किंवा एका खांद्यावरची सॅक बंद. चाकांची बॅग घ्या, नाहीतर कमरेचा पाऊच. ज्यांचं कामच हात वर करून आहे, म्हणजे फळ्यावर लिहिणारे शिक्षक, रंगारी, वायरमन, केस कापणारे, त्यांनी तीन महिने किंवा अधिक काळ दुसरं काम मिळतं का हे रजेवर जाण्यापूर्वीच बोलून ठेवावं. हमाली, बांधकाम, शेतीतली जड कामं यांबाबत काहींना काम कायमचं बदलावं लागतं. हा निर्णय घाईने घेऊ नका, पण त्याचा विचार पुढेही ढकलू नका.

ज्यांना नीलेत गुठळी झाली होती त्यांचं पथ्य थोडं वेगळं. रक्त पातळ करणारी गोळी बहुधा काही महिने असते. ती एक दिवसही चुकवू नका आणि दुकानातून आणून वेदनाशामक घेऊ नका, दोन्हींनी मिळून रक्तस्राव वाढतो. गोळी वॉरफरिन असेल तर पालक-मेथी बंद करण्याची गरज नाही, रोजचं प्रमाण सारखं ठेवा आणि आयएनआरची तपासणी वेळेवर करा. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना गुठळीबद्दल सांगा. तंबाखू, सिगारेट आणि मशेरी कोणत्याही प्रकारच्या रुग्णाने सोडायलाच हवी. निकोटिनने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखमही उशिरा भरते. मशेरीला व्यसन न मानणाऱ्यांनी हे पुन्हा वाचावं.

काही लक्षणांसाठी पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं, हात सुजून निळसर होणं, पंजा गार आणि पांढरा पडणं, ताप किंवा जखमेतून पू, नळीतून किंवा जखमेतून दुधासारखा द्राव, बोटांची ताकद एकाएकी जाणं: यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. आडवं झाल्यावर दम लागत असेल, एका डोळ्याची पापणी खाली आली असेल, भिंतीला हात टेकल्यावर खांद्याचं पातं मागे पंखासारखं उठत असेल, तर आसपासच्या मज्जातंतूंना धक्का बसलेला असू शकतो. यातलं बरंचसं कालांतराने सुधारतं, पण डॉक्टरांना लगेच कळवा.

खेळणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी अमेरिकेतल्या बेसबॉलचं उदाहरण देते, कारण चेंडू जोरात फेकणाऱ्यांना हा विकार होतो आणि तिथल्या खेळाडूंच्या नोंदी सर्वांसमोर आहेत. सेंट लुइस कार्डिनल्सचा ख्रिस कार्पेंटर जुलै 2012 मध्ये शस्त्रक्रिया करून सप्टेंबरमध्ये मैदानात परतला. पुढच्या वर्षीच्या सुरुवातीला त्याच्या हाताला पुन्हा बधिरपणा आला आणि मोठ्या सामन्यांत तो नंतर चेंडू टाकू शकला नाही. स्टीफन स्ट्रासबर्गची शस्त्रक्रिया 2021 मध्ये झाली, 2022 मध्ये तो एकच सामना खेळू शकला. पूर्वीसारखे खेळू लागलेलेही आहेत. पण वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाचा प्रशिक्षक "दोन महिन्यांत नेट्समध्ये आणा" म्हणत असेल, तर त्याचं न ऐकण्याचा अधिकार तुम्हाला आहे. तीच गोष्ट ढोल-ताशा पथकांची. यंदाच्या गणपतीत ढोल, ताशा, ध्वज काहीही उचलू नका. पथकाला माणसं मोजायला, पाणी वाटायला, वाहतूक सांभाळायलाही लागतात.

मनाचं दुखणं मी शेवटी लिहिते आहे, पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. यातले बरेच रुग्ण निदान होण्याआधी दारोदार फिरलेले असतात. एमआरआयमध्ये काही दिसत नाही, कुणी मानेचा मणका म्हणतं, कुणी "टेन्शन घेऊ नका" म्हणतं. इतके दिवस न मानलं गेलेलं दुखणं ऑपरेशननंतर राहिलं की माणूस तोंडच मिटून घेतो. राहिलेल्या वेदनेबद्दल सांगितलं तर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही अशी भीती वाटते. सांगा. राहिलेलं दुखणं खरं असतं, आणि झोप न लागणं, सतत रडू येणं, कशातच मन न लागणं यांवर उपचार घेतल्याने हाताचं दुखणंही सोसवतं हे मी पाहिलं आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्याने तुमचं दुखणं काल्पनिक ठरत नाही.

तपासणीच्या तारखा सहा महिन्यांनंतरही चालू ठेवा, बरं वाटत असलं तरी. आणि जाताना दुसऱ्या हाताचीही नोंद घेऊन जा. इतके महिने सगळी कामं त्याने केलेली असतात, आणि काहींना हा विकार दोन्ही बाजूंना असतो. रात्री त्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या असतील, केस विंचरताना तो हात थकत असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता तुम्हीच ते सांगा. या टप्प्यावर नुसत्या व्यायामाने आणि सवयी बदलून काम भागण्याची शक्यता जास्त असते.